उष्टी टाकी

सासुरवाडीत मला कामाला हात लावू देत नाहीत. पाण्याचा तांब्या मी आपल्या हाताने उचलला तरी सासूबाईंचा चेहरा पडतो. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी वेल्डर आहे. दिवसभर लोखंडाशी झटतो, आणि संध्याकाळी घरी आलो की बायको सायकलची चेन नाहीतर कुकरचा दांडा पुढे करते. पण उमरखेडच्या पुढे तिच्या माहेरी पाऊल ठेवलं की मी वेल्डर राहत नाही, जावई होतो. जावई म्हणजे बाजेवर नवी चादर अंथरून तिच्यावर बसवून ठेवायची वस्तू.

त्यातून धोंड्याचा महिना असला की विचारूच नका. तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचे पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे ताटात मांडून द्यायचे, वर नवे कपडे. मला हे सगळं फार आवडतं. बायकोपुढे मात्र मी दर वेळी 'कशाला एवढं' म्हणतो, आणि ती दर वेळी हसते.

श्रावण अधिक आला होता त्या वर्षीची ही गोष्ट. दिग्रस, पुसद करत आम्ही एसटीने सासुरवाडीला पोचलो तेव्हा पाऊस दोन दिवस उघडलेला होता आणि सडकेच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. फाट्यावर सासरे उभे होते. मी त्यांना मामाजी म्हणतो. हसले, पिशवी घेतली, पण माझ्या नजरेला नजर काही देईनात.

मामाजी धरणाच्या फुगवट्यात डोंगा चालवतात. नाव लोखंडी असली तरी तिकडे तिला डोंगाच म्हणतात. दहा-बारा माणसं, दोन सायकली आणि एखादी बकरी मावेल एवढा हा डोंगा. मागच्या बाजूला शेतात ओलितासाठी असतं तसलं जुनं डिझेल इंजिन, आणि त्याच्या शेजारी पट्टीने आवळून बसवलेली पत्र्याची टाकी. पलीकडच्या काठच्या गावाला सडकेने जायचं तर अर्धा दिवस मोडतो, डोंग्याने अर्धा तास लागतो. म्हणून तिकडच्या बाळंतिणी, परीक्षेला निघालेल्या मुली, दवाखान्याचे म्हातारे, सगळे मामाजींच्याच भरवशावर. धरण झालं तेव्हा मामाजींचं शेत पाण्याखाली गेलं. त्याचं रडगाणं ते गात नाहीत. फक्त एका ठराविक जागी आलं की इंजिनाच्या धडधडीवर आवाज चढवून सांगतात, "आता आपन माह्या इहिरीवरून चाल्लो!" दर वेळी सांगतात. आणि मी दर वेळी वाकून खाली पाहतो, जशी काही विहीर दिसणारच आहे.

एरवी आम्ही आलो की घरी जायच्या आधी ते मला घाटावर नेत आणि एक चक्कर मारून आणत. या वेळी मीच म्हटलं, "चला, डोंग्यावर जाऊन येऊ," तर म्हणाले, "घाटावर लय चिखल हाय जी. कपडे खराब होतीन. तुमी आराम करा."

मला वाटलं, नारायणाचा मान ठेवत असतील.

घरी ओसरीवर सासूबाई वेगळ्याच तक्रारीत होत्या. "बाप्पा, कावळे मातले यंदा. आठ दिवसांत साबनाच्या तीन वड्या नेल्या मेल्यायनं."

मामाजी आभाळाकडे पाहत गंभीरपणे म्हणाले, "हो. कावळे लय झाले."

मग पाय धुण्याचा कार्यक्रम. पाट मांडला, समोर परात ठेवली. सासूबाई तांब्याने पाणी घालतात आणि मामाजी पाय धुतात. मला गुदगुल्या होतात हे त्या दोघांनाही ठाऊक आहे, त्यामुळे आमच्याकडे हा विधी गंभीरपणे कधी पार पडलेला नाही. पण त्या दिवशी माझं हसू थांबलं ते वेगळ्या कारणाने. पाय पुसून मामाजी माझ्या कपाळाला गंध लावायला वाकले, आणि त्यांच्या बोटांना डिझेलचा वास आला. डिझेलच्या खाली साबणाचा.

वेल्डरला डोळ्यांइतकंच नाक लागतं. मला तिथल्या तिथे सगळं कळलं. टाकीला चीर पडली की गाडीवाले तिच्यावर साबणाची वडी घासतात. साबण चिरेत बसतो, गळती थांबते, आणि दिवसभराच्या हादऱ्याने पुन्हा उघडते. तीन वड्या म्हणजे चीर काही आजची नव्हती.

"मामाजी, टाकी गळते का?"

त्यांचं बोट माझ्या कपाळावरच थांबलं. "कोनती टाकी?"

"डोंग्याची."

"न्हाई बाप्पा. आताच दिवा भरला न मी, त्याचा वास असन."

दिव्यात तिळाचं तेल होतं. मी बायकोकडे पाहिलं, बायकोने आईकडे पाहिलं आणि सासूबाईंनी कुंपणावरच्या कावळ्याकडे पाहिलं. बिचारा कावळा उडून गेला.

मी तेव्हाच लावून धरायला हवं होतं. पण ताट आलं, धोंडे आले, त्यांच्यावर तुपाची धार आली, आणि माझी चौकशी तुपात बुडाली. आग्रह करकरून वाढलं. मग नवा पायजमा आणि नवा सदरा घालायला लावून मला पंख्याखाली निजवलं. मामाजींनी स्वतः दार लोटून घेतलं. इतकं प्रेम पाहून माझे डोळे भरून आले होते, आणि लगेच मिटले.

बायकोने हलवून उठवलं तेव्हा तीन वाजत आले असतील. तिचा आवाज घाबरलेला होता. "अहो, उठा लवकर. बाबा घाटावर गेले. जोडकाम करनारा गॅसवाला बोलावला हाय त्यायनं. तुमी झोपले की टाकी जोडून घ्याची असं ठरवलं होतं. आई आता बोलली."

"टाकी डोंग्यातून काढली का?"

"न्हाई. आतलं डिझेल काढलं म्हने. टाकी खाली हाय, डोंग्यातच जोडून घेतो म्हने."

खाली, म्हणजे रिकामी. या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. मी शिकाऊ होतो तेव्हा माझ्या उस्तादांनी एका ड्रमला ज्योत लावली होती. ड्रम खाली आहे, असं आणणाऱ्याने सांगितलं होतं, आणि उस्तादांनी उलटा करून पाहिलाही होता. झाकण उडालं ते छपराचा पत्रा फाडून गेलं. उस्ताद वाचले, पण डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून कोणी 'खाली आहे' म्हटलं की माझं डोकं फिरतं. वर्कशॉपमध्ये लोक मला मागे 'वासवाला' म्हणतात, कारण प्रत्येक डबा मी आधी हुंगतो. म्हणोत.

मी अनवाणीच पळालो. नवा पायजमा, कपाळावर गंध, खिशात सासूबाईंनी कोंबलेला अनारसा. वाटेत घाटाचा उतार लागतो, तिथे खरंच चिखल होता. त्याबाबतीत मामाजी खोटं बोलले नव्हते.

डोंगा काठाला बांधलेला होता. पलीकडे जाणारी चार माणसं दगडावर बसून वाट पाहत होती, त्यांतल्या एकाच्या तोंडात बिडी. डोंग्यात मागे, इंजिनापाशी, आठवडी बाजाराच्या गावचा गॅसवाला उकिडवा बसलेला. त्याने सिलिंडरची नळी सोडवली होती आणि हातात लायटर होता. मामाजी त्याच्यासमोर बसले होते आणि चीर वर यावी म्हणून त्यांनी टाकी पट्टीसकट दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. लेकराला धरावं तशी.

मी जे ओरडलो ते अजूनही सांगायला लाज वाटते. "मामाजी! सोडा ते! उतरा खाली! अक्कल गहान ठेवली का तुमी?"

दगडावरची माणसं उठून उभी राहिली. सासऱ्यावर असा ओरडलेला जावई त्या गावाने पाहिला नसावा, तोही धोंड्याच्या महिन्यात. मी चिखलातून डोंग्यात चढलो, गॅसवाल्याच्या हातातला लायटर हिसकला, सिलिंडरच्या चाव्या बंद केल्या आणि वळून बिडीवाल्यालाही एक शिवी हासडली. त्याने बिडी पाण्यात टाकली.

गॅसवाला चिडला. "डिझेल हाय, पेट्रोल न्हाई. डिझेल काडीनं बी पेटत न्हाई. पंधरा वर्षं झाले जोडून राह्यलो, काई झालं न्हाई."

"माह्या उस्तादालेबी सतरा वर्षं काई झालं नव्हतं," मी म्हणालो. "काडीनं न्हाई पेटत, पन पत्रा लाल झाला की आतल्या डिझेलची वाफ होते. ते वाफ पेटते. न ते वाफ कोनाच्या छातीशी असते? ह्यायच्या!"

मामाजी अजून टाकी धरूनच बसले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण भीतीने नव्हे, अपमानाने. हळू आवाजात ते म्हणाले, "खाली हाय जी. पहा." आणि पट्टीतून टाकी सोडवून त्यांनी उलटी केली. एक थेंब पडला नाही.

मला राग आला की शब्द सापडत नाहीत. वाफ, हवा, भडका, सगळं माझ्या तोंडात गोळा झालं आणि काही नीट बाहेर येईना. तेवढ्यात बायको आणि तिच्या मागून सासूबाई धापा टाकत घाटावर आल्या. सासूबाईंचे हात अजून ओले होते, भांडी घासता घासता आल्या होत्या.

"मामाजी," मी म्हणालो, "जेवन झालं की ताट खाली होते का न्हाई?"

"होते."

"मंग त्याच ताटात आई दुसऱ्याले वाढते का?"

"कशी वाढीन? उष्टं हाय न ते."

"मंग हे टाकी उष्टी हाय. खाली न्हाई."

मामाजींनी टाकीकडे पाहिलं. मग ती जपून, आवाज न करता, डोंग्याच्या फळीवर ठेवली आणि आपले हात मागे घेतले. पंधरा वर्षं टाक्या जोडणारा गॅसवालाही एक पाऊल मागे सरकला.

त्यानंतर मामाजी माझ्याशी बोलले नाहीत. सांगेन ते मुकाट्याने करत गेले, पण शब्द नाही. डोंग्याच्या तळाला गळलेलं डिझेल पाण्यावर तरंगत होतं, ते त्यांनी जुन्या पोत्यांनी टिपून काढलं आणि पोती लांब उन्हात टाकली. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाला लाकडाची खुंटी ठोकली. काढलेल्या डिझेलचा डबा वर, उताराच्याही पलीकडे नेऊन ठेवला. मी काठावर उभं राहून फक्त बोट दाखवत होतो, कारण मी कशालाही हात लावायला गेलो की सासूबाई "तुमी न्हाई जी, तुमी न्हाई" करत आडव्या येत होत्या. टाकी घरी न्यायलाही मला दिली नाही. गॅसवाल्याने आणि बिडीवाल्याने तिला दोन बाजूंनी धरलं, बाकीच्या तिघांनी सिलिंडर उचलले आणि मागून आमची मिरवणूक निघाली.

टाकी अंगणात कडुनिंबाखाली ठेवली, चुलीपासून लांब. आता ती धुवायची होती. मी सांगायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी पदर खोचला. "भांडं घासनं मले शिकवू नका."

आतल्या चुलीवर पाणी उकळून आणलं. धुण्याचा सोडा ओंजळभर टाकला, वर अंगणातले मूठभर खडे टाकले, झाकण लावलं आणि मामाजींनी आणि गॅसवाल्याने टाकी दोन बाजूंनी धरून खडखडा हलवली. पिवळं, तेलकट पाणी निघालं. सासूबाईंनी तोंडाला नाक लावलं. "वास येते अजून." पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा सोडा. पुन्हा नाक. "येते." तिसऱ्या वेळी पाणी नितळ निघालं. मी हुंगलं, मला काही आलं नाही. मी म्हटलं, झालं. सासूबाई म्हणाल्या, "तुमाले कुठून येईन, तुमी वेल्डिंगवाले. वरनाचं भांडं असं घासून त्याच्यात वाढलं असतं त जेवले असते का?" मग चौथ्यांदा. इतकी धुतलेली टाकी मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही. लोहाऱ्याला सासूबाईंसारखं एक नाक नोकरीला ठेवायला हवं, असं मला फार वाटतं.

शेवटी टाकी आडवी ठेवली, चीर वर आणली आणि चिरेच्या खाली दोन बोटं जागा उरेल इतकं साधं पाणी आत भरलं. वाफेला राहायला जागाच नको. झाकण उघडं ठेवलं, म्हणजे तापलेली हवा कोंडायची नाही. आता ज्योत लावायची राहिली. मी गॅसवाल्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता.

"तुमीच करा साहेब," तो म्हणाला. "आज माहा हात भेला."

आता मोठीच पंचाईत झाली. धोंड्याच्या महिन्यात, नव्या पायजम्यातल्या जावयाने सासऱ्याच्या अंगणात गॅस पेटवायचा! सासूबाई मामाजींकडे पाहू लागल्या. बायकोही त्यांच्याकडे पाहू लागली. ते नको म्हणाले असते तर मी हात लावला नसता, आणि डोंगा तसाच राहिला असता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो आणि मला फार वाईट वाटत होतं. ज्या माणसाने सकाळी माझे पाय धुतले, त्याला मी दुपारी गावासमोर अक्कल विचारली होती.

मामाजी घरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा रोजचा जुना खाकी सदरा होता. माझा नवा सदरा खराब होऊ नये म्हणून. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. मग थांबले, सदरा आपल्याच नाकाशी नेला आणि परत मागे घेतला.

"उष्टा हाय," ते म्हणाले.

घाटानंतर ते पहिल्यांदाच बोलले होते. पुन्हा आत गेले आणि दोरीवरचा धुतलेला सदरा घेऊन आले.

चीर चार बोटं लांब होती, पट्टीच्या कडेला. इंजिनाच्या हादऱ्याने पट्टी पत्र्याला घासून घासून पडलेली. मी बारीक ज्योत लावली आणि पितळेची सळी वितळवत ती बुजवली. आत पाणी कुजबुजत होतं. मामाजी सांगितलेल्या अंतरावर, मी मातीत ओढलेल्या रेघेच्या अगदी काठावर उभे होते, एक अंगठा रेघेच्या आत. मी त्यांना मागे सरा म्हणायला तोंड उघडलं आणि ते आधीच सरले.

टाकी निवली. पाणी ओतून ती उन्हात कोरडी केली. मग नळीने आत हळू फुंकर मारली आणि बाहेरून जोडाला साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. उरलेली अर्धी वडी मामाजींच्या खिशातून निघाली. सासूबाईंनी ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, मग मामाजींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाच कावळा व्हय." त्यावर बायको अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला मात्र माझा जीव आता कुठे भांड्यात पडल्यासारखं झालं. पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालून आम्ही टाकी पुन्हा आवळली. आम्ही म्हणजे मामाजींनी आणि मी.

दिवस बुडायच्या आधी डोंगा सुरू झाला. ताटकळलेल्या त्या चार माणसांना पलीकडे सोडलं. परत येताना डोंग्यात आम्ही दोघंच होतो. मी टाकीशेजारी बसून दर दोन मिनिटांनी जोडावरून बोट फिरवत होतो. बोट कोरडंच निघत होतं. मामाजी सुकाणू धरून समोर पाहत होते. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होतो आणि एकही जमत नव्हतं.

विहिरीची जागा आली. ते ओरडून सांगतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी इंजिन बंद केलं. मी तिथे इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. डोंगा आपोआप थोडा पुढे गेला आणि थांबला.

"मामाजी, दुपारी माहं चुकलंच," मी म्हणालो. "मी असं बोलाले नोको होतं."

त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलं. "इथी मोट चालवता चालवता माहा हात दोरात गेलता. बारा-तेरा वर्षांचा असन मी. माहा बाप तिकून, वावराच्या धुऱ्यावरून ओरडत आला. अक्कल गहान ठेवली का बे, असाच." त्यांनी सुकाणूवरचा हात काढला. "बाप गेला, त्याले पस्तीस वर्षं झाले. तवापासून माह्यावर कोनी ओरडलंच न्हाई. मंग आज तुमी."

मी वाकून खाली पाहिलं, नेहमीसारखं. त्यांनीही पाहिलं.

"तुमी मले देव करून ठेवता," मी म्हणालो, "मंग सांगता कोनाले, टाकी गळते म्हनून?"

"खरं हाय," ते म्हणाले, आणि इंजिनाचा हँडल मारायला उठले. दोनदा फिरवला, सुरू झालं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी तो माझ्या हातात दिला.

अजूनही धोंड्याच्या महिन्यात आम्ही गेलो की माझे पाय धुतले जातात, धोंडे होतात आणि सासूबाई तांब्या उचलू देत नाहीत. पण डोंग्याचं काही गळलं, तुटलं की मामाजी ते आता साबणाखाली लपवत नाहीत. फोन करतात. खुशालीचं विचारून झालं, पावसाचं झालं, की खाकरून घेतात. मग म्हणतात, "जवाईबुवा, इंजनाची नळी फुटली. धुऊन ठेवली हाय. ओरडाले कवा येता?"

मी म्हणतो, उद्या.